पाणहत्तीची नजर

नवा माणूस भेटला की हटकून एकच प्रश्न विचारतो. "एवढ्या गणपतींचे डोळे आखता, तुमचा हात कापत नाही का हो?" कापतो की! न कापायला तो काय लोखंडाचा आहे? हात कापायला लागला की ब्रश खाली ठेवायचा, पडवीत जाऊन उभं राहायचं, चहा प्यायचा, समोर जो दिसेल त्याला दोन शब्द सुनावायचे आणि परत येऊन बसायचं. आमच्या कारखान्यातली माणसं सांगतील, चहापेक्षा दोन शब्दांचाच मला जास्त उपयोग होतो.

मी आखणी करणारी. गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात शेवटी मूर्ती जिच्याकडे येते ती बाई. आमचा कारखाना रेवदंड्याच्या अलीकडे, सुपारीच्या वाडीला लागून आहे. माती मळणारे वेगळे, साच्यातून काढणारे वेगळे, अंगाचा रंग देणारे वेगळे, पीतांबर आणि दागिने रंगवणारे आणखी वेगळे. त्यांचं सगळं उरकलं की मूर्ती माझ्यासमोर येते. छान नटलेली, पण आंधळी. तोवर तिला कुणी बाप्पा म्हणत नाही. "तो दीड फुटी जरा सरकव", "ती उंदरावरची इकडे घे", असंच चाललेलं असतं. डोळे उघडले की भाषा बदलते. मग त्याच्यापुढून चपला घालून कुणी जात नाही, त्याच्याकडे पाठ करून कुणी तंबाखू मळत नाही. निदान मी तिथे असेपर्यंत तरी नाही.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पोराटोरांचा एक सिनेमा आला होता, त्यात अर्धा हत्ती आणि अर्धा मासा असा एक प्राणी होता. तुमच्या घरातल्या मुलांनी तो पाहिला असेल आणि पुढचे आठ दिवस हाताची सोंड करून तुमचं डोकं उठवलं असेल. त्या प्राण्याचे डोळे माझे. आणि ते डोळे पडद्यावरून पुसले जाता जाता कसे वाचले, ते सांगायला मी बसले आहे. पण त्यासाठी आधी माझं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांना मुलगे दोन, आणि दोघांचाही हात असा जड, की डोळा आखायला दिला तर गणपती आजारी दिसायचा. एक दिवस मी तुळशीपुढे रांगोळी काढत होते. लांब रेघ मी एका दमात ओढली, ती आप्पांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातलं लाटणं गेलं आणि ब्रश आला. सासूबाई त्यावरून महिनाभर धुमसत होत्या.

आप्पा सांगायचे, "सूनबाई, समोर पाटावर बसून जो पूजा करतो ना, त्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. आणि दारातनं डोकावणाऱ्या पोरालाही वाटलं पाहिजे की माझ्याचकडे बघतोय." ते कसं करायचं? बुबुळ बरोबर मध्यावर. त्याचा वरचा काठ पापणीखाली दडवायचा आणि सगळी नजर केसभर खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीला आणायची. राक्षसाचं याच्या उलट. नवरात्रात देवीच्या पायाशी महिषासुर असतो, त्याचं बुबुळ लहान ठेवायचं आणि चारही बाजूंनी पांढरं मोकळं सोडायचं. झाला डोळे वटारलेला राक्षस. हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

नजरेवरून माणसं काय काय भांडतात म्हणून सांगू! म्हसळ्याचे एक गृहस्थ चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, घरात गणपती बसलेला असताना, दोन-अडीच तासांचा प्रवास करून माझ्या दारात हजर. म्हणाले, "वहिनी, मूर्ती धाकट्याकडे बघते. मी थोरला. पूजेला मी बसतो, आणि बघते ती त्याच्या खोलीकडे." मी म्हटलं, पाट थोडा फिरवा. तर म्हणाले, "पाट फिरवला की पंख्याचं बटण झाकलं जातं." आता यावर मी काय करणार? पंख्याशिवाय बसा म्हटलं. ते तसेच फुरंगटून परत गेले, आणि पुढच्या वर्षी मूर्ती न्यायला पुन्हा आमच्याकडेच आले.

तळा गावचे एक मास्तर वडिलांचा फोटो घेऊन आले होते. त्या वर्षी वडील गेलेले. गणपतीचे डोळे या डोळ्यांसारखे आखा, म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, विसर्जनाला काय कराल? वडिलांना पाण्यात सोडाल?" मास्तरांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हयातभर त्यांनी मला पाण्यात पाहिलं, एकदा मी त्यांना पाहीन की!" कारखान्यातली सगळी माणसं रंगाचे हात पोटाला धरून हसली. डोळे मी आखले ते गणपतीचेच.

आणि तिसऱ्या आमच्या जानकीबाय. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या. सुकी मासळी विकतात. आवाज असा, की अलीकडून बोलल्या तर खाडीपलीकडच्या माणसाने ओ द्यावी. त्यांची दरवर्षी एकच अट. "बाय, माजा गणपती दाराभाईर बगाय पायजे. पोरं दर्यात असतात माजी. घरात बसून माज्याकडं बगून काय करणार त्यो?" मग त्यांच्या मूर्तीची नजर मी जरा लांबची ठेवते, उंबरा ओलांडून जाईल अशी.

या कामात माझी एकच रुखरुख होती. मूर्ती घरी नेताना तिच्या तोंडावर रुमाल टाकतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तो रुमाल आमच्या पडवीत पडतो आणि त्यांच्या घरी, पाटावर मूर्ती बसली की निघतो. म्हणजे मी डोळे उघडते खरे, पण त्या डोळ्यांना डोळे भिडल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी कधीच बघितलेलं नव्हतं. आमच्या घरचा गणपती काय, कारखान्यातून अंगण ओलांडून येतो. महिनाभर घरातल्यांनी त्याला ओला, पांढरा, अर्धा रंगवलेला असा बघितलेला. त्याचं कुणाला अप्रूप असणार? एकदा मी आप्पांना विचारलं, तुम्हाला नाही वाटत, जाऊन बघावंसं? ते म्हणाले, "आचाऱ्याने पंगतीत जाऊन लोकांची तोंडं बघायची नसतात." आप्पा मोठे होते, पण हे त्यांचं मला काही पटलं नव्हतं.

तर, एका शिमग्यानंतर तन्मय नावाचा मुलगा कारखान्यात आला. मुंबईचा, सिनेमे करणारा, आजोळ चौलचं. त्याच्याकडे मकराचं चित्र होतं. जुन्या देवळात पाण्याच्या पन्हळीला जे तोंड कोरलेलं असतं ना, सोंड हत्तीची आणि अंग माशाचं, तो मकर. त्याच्या गोष्टीत हा मकरासुर खाडीत शिरतो, होड्या उलटवतो, गावाला सळो की पळो करून सोडतो, आणि शेवटी एक भाऊ आणि बहीण युक्ती करून त्याला जाळ्यात पकडतात. मग गावकरी त्याला मारतात. समाप्त.

मी म्हटलं, "अरे, हल्ली हे सगळं संगणकात करतात ना? माझ्याकडे कशाला आलास?"

"काकू, संगणकातल्या राक्षसाला मुलं हात लावू शकत नाहीत. मला खराखुरा हवाय. आत माणसं शिरतील असा."

मुलगा मला आवडला. आमच्या कारागिरांनी शाडूत डोकं घडवलं, त्याचा साचा घेतला, फायबरचं डोकं ओतलं. आत दोन माणसं शिरायची, एक सोंड हलवायचा आणि एक शेपूट. तन्मयने सांगितल्याप्रमाणे मी त्याला महिषासुराचे डोळे आखले. लहान बुबुळ, चौफेर पांढरं. मांजर कारखान्यात यायचं बंद झालं, तेव्हा म्हटलं जमलं आपल्याला.

शूटिंग रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होतं. दुसऱ्याच दिवशी तन्मयचा फोन आला, काकू या. जाऊन बघते तर काय, आतली माणसं उभी राहिल्यावर डोकं इतकं उंच जात होतं, की मकरासुर मुलांकडे न बघता थेट नारळाच्या शेंड्यांकडे बघत होता. बहिणीचं काम करणाऱ्या मुलीला त्याच्यासमोर घाबरायचं होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं. मी स्टूल मागवलं, चढले, आणि नजर खाली आणली. खाली आणायची म्हणजे बुबुळ मोठं करणं आलं, वरचं पांढरं बुजवणं आलं, वरून पापणी ओढणं आलं. समोर मुलगी वाळूत बसली होती. तिच्या उंचीला नजर बसवली आणि खाली उतरले. तन्मय मॉनिटरमध्ये बघून ओरडला, "काकू, आत्ता जिवंत झाला हा!" मुलगी हसायची थांबली होती आणि टक लावून त्याच्याकडे बघत होती. सगळे खूश. मीही खूश. त्या वेळी माझ्या हाताने काय करून ठेवलं होतं, ते मलाही कळलं नाही आणि त्यालाही नाही.

सिनेमाला लागणाऱ्या पैशांची सगळी सोय एका मॅडमनी केली होती. बाई चांगली, पण व्यवहाराला पक्की. फायबरचं डोकं वापरायला ती पहिल्यापासून नाखूश होती. तिने तन्मयला अट घातली. सिनेमा जोडून झाला की आधी इथल्याच लोकांना दाखवायचा. पोरं राक्षसाला घाबरली तर ठीक. नाही घाबरली, तर मकरासुराचं सगळं तोंड पुसून संगणकाचं तोंड बसवायचं. तशी माणसंही तिने ठरवून ठेवली होती. तन्मयने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. मी वरवर म्हटलं, "घाबरतील रे, आमचं मांजर घाबरलं." माझ्या हाताने आखलेले डोळे कुणी नापसंत करू शकतं, हे मला ठाऊक होतं. ते कुणी पुसू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

खेळ पावसाळ्यात ठेवला, कारण मासेमारी बंद, कोळीवाडा घरी. माझा मात्र ऐन हंगाम. कारखान्यात आंधळे गणपती रांगेने उभे, आणि मी त्यांना तसंच टाकून रेवदंड्याला गेले. जावेने विचारलं, "वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, लागलंय.

एका शाळेच्या सभागृहात पडदा बांधला होता. कोळणी नटूनथटून पुढे, त्यांची पोरं त्यांच्याही पुढे सतरंजीवर, पुरुष मागे. वाड्यांमधले बागायतदार, शाळेतल्या बाई, रिक्षावाले असे सगळे खुर्च्यांवर. मॅडम आणि तन्मय कडेला बसले होते. जानकीबायनी मला शेजारी ओढलं. "बस गो. काय धरणीकंप झाल्यागत तोंड केलंस?"

दिवे गेले. थोड्या वेळाने ढोल वाजायला लागले, पडद्यावर खाडीचं पाणी फुगलं आणि सोंड वर आली. मग ते डोकं. मग डोळे. सभागृह चिडीचूप. मी पोरांच्या किंकाळीची वाट बघत होते.

एक बारीक आवाज आला, "आये, हत्ती!"

"हत्ती न्हाय, मासा हाय. शेपूट बग."

"पाणहत्ती हाय त्यो," तिसऱ्याने निकाल दिला, आणि सगळी पोरं "पाणहत्ती, पाणहत्ती" करत गुडघ्यांवर उभी राहिली. मकरासुर दात विचकून पुढे आला, तशी एक चिमुरडी दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "ये, ये, ये."

मी कपाळावर हात मारला. तन्मयने डोळे मिटले.

पुढे मकरासुराने होडी उलटवली. इथे तरी भीती वाटायला हवी होती की नाही? मागून एक नाखवा मोठ्याने म्हणाला, "भरतीच्या पाण्यात होडी आडवी घालतात व्हय? त्याची काय चूक? त्यो त्याच्या वाटेनं चाललाय." त्याला दुसऱ्याने दुजोरा दिला, आणि मागे पाच मिनिटं फक्त नांगर, दोर आणि सिनेमातल्या लोकांची अक्कल यांवर चर्चा झाली. मकरासुर गावात घुसला तर बायका म्हणाल्या, भुकेला असेल. त्याने डरकाळी फोडली तर म्हणाल्या, काहीतरी सांगतोय तो. मॅडम एकदा पडद्याकडे बघत होत्या, एकदा लोकांकडे. माझ्याकडे कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

आणि मग जाळ्याचा प्रसंग आला. भावाबहिणीची युक्ती फळली, पाणहत्ती जाळ्यात गुरफटला, गावकरी भाले घेऊन धावले. कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर स्थिरावला. माझ्याच शेजारून खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला. जानकीबाय उभ्या राहिल्या होत्या.

"आरं मेल्यांनो, जाळं कापा! जाळं काप गो पोरी, बगतेस काय! कोळ्याची जात ना तुमची?"

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे जाळ्यात कासव आलं, तर ते कुणी मारत नाही. त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा, हात जोडायचे आणि परत दर्यात सोडायचं. जाळं कापल्याशिवाय सुटत नसेल तर जाळं कापायचं. पोटापाण्याचं जाळं, पण कापायचं. दर्याकडून आलेला पाहुणा आहे तो. हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि पडद्यावरचे कोळी भाले घेऊन नाचत होते.

बघता बघता सगळ्या बायका उभ्या राहिल्या. "काप, काप, जाळं काप!" पोरं रडत ओरडायला लागली. वाडीतले एक भिडस्त काका, ज्यांचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, तेसुद्धा खुर्चीवरून अर्धे उठून "अहो, सोडा की त्याला" म्हणत होते. पण सिनेमा कुणाचं ऐकतो? भाला पडला. पाणहत्ती मेला. पडद्यावर गाव नाचलं आणि दिवे लागले.

एकानेही टाळी वाजवली नाही. पोरांची मुसमुस तेवढी ऐकू येत होती. जागचं कुणी हलेना. मयताला बसल्यासारखे सगळे बसून राहिले.

मॅडम पुढे आल्या. पोरांना विचारलं, "राक्षसाची भीती वाटली का रे?"

"न्हाय!" सगळी एका आवाजात.

"का नाही वाटली?"

ती ये-ये करणारी चिमुरडी डोळे पुसत म्हणाली, "त्यो माज्याकडं बगत होता."

"तुज्याकडं न्हाय, माज्याकडं!" दुसरा पोरगा तिच्या अंगावर धावला. "मी हिकडं बसलू होतो ना, हिकडंच बगत होता."

पार टोकाला बसलेल्या शाळेच्या बाई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्याकडे." आणि लाजल्या.

जानकीबाय माझ्याकडे वळल्या. माझं मनगट धरून हात वर केला, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. "सगळ्यांकडं बगत होता त्यो! ह्या हाताचं काम हाय. माज्या घरात दरसाल बसतो, मला वळख न्हाय व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोर सोंड, खाली वाळूत बसलेलं पोर, आणि माझ्या हातात ब्रश. इतक्या वर्षांच्या हाताने दुसरं काय केलं असतं? राक्षसाला मी बाप्पाची नजर देऊन बसले होते. आणि त्या नजरेला भाला मारा म्हणून लोकांना सांगत होतो आम्ही.

मॅडम तन्मयला म्हणाल्या, "सॉरी, पण ठरल्याप्रमाणे चेहरा बदलावा लागेल. कुणीच घाबरलं नाही." त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि बोलत होत्या ते खोटंही नव्हतं. तन्मय खाली मान घालून उभा राहिला.

तोंड उघडलं ते जानकीबायनी. "तोंड कशाला बदलता? तोंडाला काय झालंय? शेवट बदला की!"

मॅडम वळल्या. "म्हणजे?"

"त्याला मारू नका, म्हंजे झालं. आम्ही सोडतो तसं सोडा. हलद लावा, कुकू लावा, नारल द्या, आन् जाळं कापा. जाईल बिचारा आपल्या घरी."

"पण मावशी, राक्षस मेला नाही तर सिनेमा संपणार कसा?"

"आता संपला त्यो बरा संपला व्हय?" जानकीबायनी सगळ्या सभागृहावरून हात फिरवला. "बगा की जरा. माणसं घरी जायना झाली."

मॅडमनी बघितलं. नीट बघितलं. रडणारी पोरं, डोळे टिपणाऱ्या कोळणी, अजून खुर्चीच्या टोकावर बसलेले ते भिडस्त काका. तन्मय मान वर करून म्हणाला, "मॅडम, मला घाबरवायचं होतं. ही माणसं त्याच्यासाठी सिनेमाशी भांडली. आपल्याला आणखी काय पाहिजे?" मग मॅडम जानकीबायना म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवाल, कॅमेऱ्यासमोर?"

"दाखवू की. पण जाळं तुमचं कापायचं. आमचं न्हाय."

आणि मयताला बसलेलं ते सभागृह असं हसलं, असं हसलं, की बाहेरचे रिक्षावाले काय झालं म्हणून बघायला आत आले.

दिवाळीनंतर पुन्हा शूटिंग झालं. कोळीवाड्यातल्या बायका आपापली हिरवी लुगडी नेसून आल्या आणि तन्मयने त्यांना काहीही शिकवलं नाही. जानकीबायनी पाणहत्तीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, सोंडेपाशी नारळ ठेवला. शिवाय "जा बाबा, सांभालून जा, आन् होड्या बगून चाल" असं त्यांनी मनचंच म्हटलं, ते तसंच ठेवलं आहे. त्या दिवशी तन्मयने मला विचारलं, "काकू, शेवटासाठी डोळे जरा आणखी प्रेमळ करायचे?" मी ब्रश पिशवीतून काढलाच नाही. पहिल्या वेळी किनाऱ्यावर मी बेधडक स्टुलावर चढले होते, कारण तेव्हा माझ्या लेखी तो राक्षस होता. आता नव्हता. आणि उघडलेल्या डोळ्यांवर आम्ही परत ब्रश चालवत नाही.

मे महिन्यात सिनेमा लागला आणि गावोगावचे फोन सुरू झाले. तळ्याच्या मास्तरांनी शाळेतली मुलं नेली होती. मुलं परत येताना गाडीत "जाळं काप" ओरडत आली, त्यांचा घसा बसला, आणि मास्तरांचाही. पण सगळ्यात बहारीचा फोन म्हसळ्याहून आला. पंख्याच्या बटणाचे गृहस्थ! "वहिनी, काल धाकट्याला घेऊन गेलो होतो. शपथेवर सांगतो, अख्खा वेळ माझ्याकडे बघत होता तो." मी विचारलं, आणि धाकटे काय म्हणाले? त्यांनी आधी घसा खाकरला. मग म्हणाले, "तो म्हणतो त्याच्याकडे. सकाळपासून वाद चाललाय." त्यांना मी पाट फिरवायला सांगितलं नाही.

मी स्वतः अलिबागला गेले, जानकीबायना घेऊन. थिएटर तुडुंब भरलं होतं. जाळ्याचा प्रसंग जवळ आला तशी मी उठले. "आता कुटं चाललीस?" जानकीबाय खेकसल्या. मी कडेकडेने पुढे गेले, पडद्याच्या बाजूला बाहेर जायचा दरवाजा असतो, त्याला टेकून उभी राहिले, आणि पडद्याकडे पाठ केली.

आप्पा असते तर ओरडले असते. ओरडू देत.

माझ्या मागे कॅमेरा डोळ्यांवर थांबला असणार, कारण समोरच्या सगळ्या तोंडांवर एकदम उजेड पडला. लेकरं, म्हातारे, कॉलेजची पोरंपोरी, तान्हं कडेवर घेतलेली आई. एकजात सगळे वर बघत होते. एक पोरगा हातातला वेफर तोंडाशी नेता नेता तसाच थांबला होता. एका आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि घाईघाईने परत लावला. जो तो असा बघत होता, की थिएटरात आपण एकटेच आहोत आणि समोरचा फक्त आपल्यालाच ओळखतो. मग कुठूनतरी पहिला आवाज आला, "जाळं काप!" आणि सगळं थिएटर उठलं. त्या गदारोळात जानकीबायचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

मी रडले. चांगली मोठ्याने रडले, कारण ऐकायला कुणाला फुरसत होती? जाळं कापलं गेलं असणार, कारण टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून त्याला अच्छा केलं. तिच्या हाताबरोबर माझाही हात वर गेला.

म्हणजे रुमाल काढल्यावर घरोघरी असं होतं तर.